गळतीचा मुद्दा

पोहण्याच्या तलावाचा व्यवस्थापक नुसतं "मदत करतो" म्हणाला आणि बाईंच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस कामाशिवाय कुणाला पाणीही विचारायचा नाही, पण बोलणं असं मऊ की माघारी सगळे त्याला लोणीसाहेब म्हणत.

बाई त्याच तलावावर बायकांना पोहायला शिकवायच्या. तलाव बुजवून तिथे गाड्या लावायला जागा करायचं तलाव चालवणाऱ्या समितीच्या मनात होतं. त्याआधी समितीच्या सभेत तलावाच्या बाजूने कुणीतरी बोलायचं होतं आणि बायकांनी ते काम बाईंच्या गळ्यात टाकलं. काठावरून ओरडायला बाईंना काही वाटायचं नाही, पण सभेत उभं राहायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

तिकीटखिडकीमागच्या खोलीत लोणीसाहेबाने भाषण ऐकून घेतलं.

"आकड्यांनी सुरुवात नको, माणसं जांभया देतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या त्या आजी पहिल्यांदा तरंगल्या, तिथून सुरू करा. कागद खाली ठेवा. आणि वाक्य लागलं की जरा थांबा."

सल्ला चांगला होता, आणि बाईंना तेच खटकलं.

"तळाच्या गळतीचा भाग तेवढा गाळा," तो म्हणाला.

"का? दुरुस्ती मागायची नाही?"

"आत्ता नको. माझं ऐका." आणि पंप बघायला म्हणून तो उठून गेला.

घरी बाईंनी धाकट्या बहिणीला समोर बसवून भाषण म्हणून दाखवलं. गळतीचं ऐकून ती कपड्यांच्या घड्या घालायची थांबली.

"ताई, अगं सरळ आहे. गळती इतके दिवस झाकली कुणी? त्यानेच ना? मग पितळ त्याचंच उघडं पडणार. आणि परवा समितीच्या अध्यक्षांबरोबर चहा पीत होता. मी पाहिलं, अगदी डोक्याला डोकं लावून!"

झालं! बाईंचा उरलासुरला विश्वासही उडाला. गळतीचा भाग त्यांनी ठेवलाच, वर त्याला धार लावली.

सभेत बाईंनी कागद खाली ठेवला आणि आजींपासून सुरुवात केली. वाक्य लागलं तिथे थांबल्या. एका सदस्याने हातातला फोन पालथा ठेवला. बाईंना आपलाच आवाज ओळखू येईना. मग दाराशी उभ्या असलेल्या लोणीसाहेबाकडे रोखून बघत त्या म्हणाल्या, "तळ गळतोय, आणि ही गोष्ट दडपली गेली आहे!"

त्याने डोळे मिटून घेतले. सापडला, बाईंना वाटलं.

इतका वेळ मागे रेलून बसलेले अध्यक्ष पुढे झुकले. "म्हणजे तलाव धोक्याचा आहे, असं तुम्हीच म्हणताय?"

"धोक्याचा नाही हो, फक्त दुरुस्ती..."

"लोकांच्या जिवाशी आम्ही खेळणार नाही."

तलाव उद्यापासून बंद, बुजवायचं की नाही ते पुढच्या सभेत ठरेल, असं सांगून त्यांनी विषय मिटवला.

बाईंनी लोणीसाहेबाला जिन्यातच गाठलं. "त्यांना निमित्तच हवं होतं, हे सरळ सांगायचं नाही का?"

"विश्वास बसला असता तुमचा?"

"नसता," बाई म्हणाल्या. "आणि तो चहा?"

"अध्यक्षांच्या पोटात काय आहे ते काढायला गेलो होतो."

"आणि गळती?"

आता मात्र त्याचा मऊपणा आटला. "वर सांगून थकलो. मग गप्प बसलो. नोकरी आहे, बाई."

यातलं खरं किती, बाईंना कळेना. तलाव रिकामा झाल्यावर त्याने गवंडी आणला, तर बाईंनी आपल्या ओळखीचा दुसरा आणला. दोघांनी एकच सांगितलं: बारीक भेग आहे, भरली की काम झालं. बायकांनी वर्गणी काढून ती भरून घेतली.

पुढच्या सभेआधी बाईंनी लोणीसाहेबाला पुन्हा समोर बसवलं. "काही गाळायला सांगितलंत, तर कशासाठी तेही सांगायचं."

"भेगेपासूनच सुरू करा," तो म्हणाला. "त्यांनी विचारण्याआधी."

बाईंनी बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग तसंच केलं. समितीने कुरकुरत एक वर्षाची मुदत दिली आणि सोमवारी तलावात पाणी सोडलं. बाई काठावर उकिडव्या बसल्या आणि पाणी भेगेच्या वर चढेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.