काकडीचा वास

मित्रांनो, माझ्या पोटात गंजाचे डाग दिसतात ते खिळ्यांचे आहेत. एरवी मी चांगल्या घरची, निळ्या एनॅमलची किटली. वयाने जुनी, तोटीचा टवका गेलेली, पण गळत मात्र कुठेच नाही.

हेटीच्या लग्नात मी आहेरात आले आणि तिच्याबरोबर अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या या टेकडीवर राहिले. इथे हिवाळाभर घरात कुणाचं ना कुणाचं नाक चोंदलेलं. पाणी उकळलं की हेटी आधी मला चुलीवरून उतरवायची, मग पसरट भांड्यात पाणी ओतून त्यात सुकवलेला पुदिना चुरडायची. डोक्यावरून टॉवेल घेऊन मंडळी वाफारा घ्यायची. पोरांना ती भांड्यापासून हातभर लांब बसवायची आणि त्यांच्या शेजारून हलायची नाही. वर कांद्याचं गरम सूप. सकाळी पोरं मोकळ्या नाकाने शाळेला जायची आणि शेजारी माझी वाहवा करायचे. खोटं कशाला बोलू, मी जरा फुगले होते.

मग सून कॉरीनने नाकात मारायचा फवारा आणला. “बाबा, दोन-तीन दिवसच हं,” असं तिने बजावलं होतं. पण हेटीच्या नवऱ्याला, ऑरिनला, तो इतका आवडला की बाटली त्याच्या खिशातच राहिली. माझी रवानगी त्याच्या गुऱ्हाळात झाली, जिथे तो मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक करतो. पोटात खिळे भरून मला दाराला टेकण म्हणून ठेवलं. फार वाईट वाटलं मला.

ऑरिनच्या नाकाला टेकडीवर मोठा मान. हिवाळा सरताना मेपलला कळ्या धरल्या की रस बिघडतो आणि त्याच्या पाकाला एक ओशट वास येतो. सुरुवातीला तो फक्त ऑरिनलाच कळायचा. असला कढईभर पाक मोठ्या पिंपात पडला, तर आधीचा सगळा चांगला पाकही नासतो.

त्या दिवशी पाक तयार होता. ऑरिनचा हात कढईच्या नळावर होता आणि खाली वर्षाच्या कमाईचं पिंप. हेटी काकड्यांची बरणी घेऊन आली. गोड पाकाबरोबर आंबट काकडी खायची इथली रीतच आहे. तिने झाकण काढून बरणी गुपचूप त्याच्या नाकाखाली धरली.

“कसला वास येतोय?”

“पाकाचा. एक नंबर,” कढईवरची नजर न काढता तो म्हणाला.

“सिरक्यातली काकडी आहे, म्हाताऱ्या.”

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “दिवसभर वाफेत उभा असतो मी. माझं नाक कसं चोंदेल?”

“ती वाफ छपरातून वर जाते. आणि फवारे मारून मारून तुझं नाक आणखीच बंद झालंय. सोड तो नळ.”

“मग तूच घे ना वास.”

“मला कळला असता तर तुझी मनधरणी कशाला केली असती? जाळ कमी कर आणि बस इथे.”

तिने माझ्यातले खिळे ओतले, मला घासलं, पाणी भरून विस्तवावर ठेवलं. ऑरिन नाक मुठीत धरून टॉवेलखाली बसला. आधी नुसतं सूं-सूं, मग शिंका. मी पुन्हा पुन्हा तापले. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. शेवटी लालबुंद तोंड बाहेर आलं.

“तुझ्या टॉवेलला डांबरगोळ्यांचा वास येतोय,” तो म्हणाला.

“येऊ दे,” हेटी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

एकच नाकपुडी उघडली होती, पण ती ऑरिनची होती. तो कढईवर वाकला, त्याने दोनदा हुंगलं आणि नळाकडे गेलेला हात मागे घेतला. “कळ्या फुटल्या,” एवढंच बोलला. ती कढई बर्फात ओतावी लागली. पिंप वाचलं.

आता मी पुन्हा स्वयंपाकघरात आहे. मित्रांनो, किटलीत खिळे भरू नका आणि उकळत्या पाण्यापाशी लहानांना एकटं सोडू नका. आणखी एक सांगते. ज्याला वास येत नाही, त्याला तो येत नाही हेही कळत नाही. अशा माणसावर रागावू नका. काकडीची बरणी घ्या आणि त्याच्याजवळ जाऊन उभे राहा.