अकरा दारांचे आकडे

वाकडं अक्षर दिसलं की पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या डोक्यात तिडीक जायची. लग्नाआधी आलेल्या सासऱ्यांच्या पत्रातलं अक्षर बघून त्याने नाक मुरडलं होतं, हे त्याची बायको अजून चारचौघांत सांगते. अशा माणसाच्या शटरवर मोजणीवाल्याने घाईघाईत लाल रंगाने ४७ फरकाटला. पुढे काय होणार हे खरं तर सगळ्यांना तेव्हाच कळायला हवं होतं.

मोजणी नाल्यासाठी होती. पावसाचा जोर वाढला की नाला दुकानांत शिरायचा, म्हणून तो रुंद करायचं ठरलं. कर्ज परदेशी बँकेचं आणि अटही तिचीच: काठावरचं दुकान तोडायचं तर आधी त्याला नव्या मार्केटात गाळा द्यायचा. कागदपत्रं असोत नसोत, मोजणीच्या दिवशी दारावर आकडा पडला की गाळा पक्का. तीस-तीस वर्षं बिनकागदाचे बसलेले लोक ते ऐकून हरखून गेले.

पेंटरला मात्र तो आकडा बघवेना. चार दिवस त्याने दम धरला. पाचव्या दिवशी शटर घासून पत्रा उघडा केला, प्रायमरचा हात दिला आणि काळ्या सावलीसकट असा झोकदार ४७ काढला की येणारेजाणारे थांबून बघू लागले. मग शेजाऱ्यांची रीघ लागली. सायकलवाला, शिवणकाम करणारी मावशी, चाव्या बनवणारा, सगळ्यांना तस्साच आकडा हवा. पेंटरने भिडेखातर एकेचाळीसपासून एक्कावन्नपर्यंतची अख्खी रांग फुकटात नटवून दिली.

आठ महिन्यांनी बँकेची तपासणीवाली बाई आली. नाल्याच्या खालच्या अंगाला काही बेरक्यांनी नव्या टपऱ्या ठोकून त्यांवर खोटे आकडे रंगवले होते, त्यामुळे ती आधीच तापलेली होती. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती दोनदा चालली.

"हे आकडे एकाच हातचे आहेत. मोजणीवाल्याचा हात हा नव्हे."

"माझा आहे, मॅडम," पेंटर म्हणाला. वर छाती काढून म्हणाला. इतका मूर्खपणा त्याने जन्मात केला नव्हता.

"म्हणजे आकडे तुम्ही टाकलेत? माझ्या यादीत आकडा आणि धंदा एवढंच आहे. त्या आकड्याचं दार हेच, हे मी कशावरून मानू?"

पेंटरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या दुकानाच्या माळ्यावरच त्याचं घर होतं. गाळा गेला तर या वयात बायकोला घेऊन जायचं कुठे? आणि त्याच्यापायी आणखी दहा घरं उघड्यावर येणार होती.

"जुना आकडा खालीच आहे," सायकलवाला घाईने म्हणाला. "खरवडून दाखव रे पेंटर!"

पेंटरने रंग खरवडायची पत्री घेतली. एकेचाळीसवर हलक्या हाताने फिरवली, तशी रंगाची खपली सुटली आणि खालून मोजणीवाल्याचा लाल फरकाटा वर आला. बाईने फोटो काढला. बेचाळीस निघाला, त्रेचाळीस निघाला. प्रत्येक दाराशी कुणीतरी सुस्कारा टाकत होतं. पेंटर मात्र स्वतःचं दार सोडून थेट अठ्ठेचाळीसकडे वळला, तेव्हा बायकोने ओळखलं.

"अहो, आपलं तुम्ही घासलं होतंत ना?" तिने हळूच विचारलं. तो पुढचं दार खरवडू लागला.

एक्कावन्नपर्यंत दहा आकडे निघाले. मग तो आपल्या शटरशी आला. रंग गेला, प्रायमर गेला, खाली कोरा पत्रा. त्याने कोपऱ्यापर्यंत खरवडलं. काही नव्हतं.

"मॅडम, होता हो इथे," तो म्हणाला.

बाई डावीकडे गेली, मग उजवीकडे. यादीवर बोट ठेवून तिने मान वर केली.

"सेहेचाळीस सायकल दुरुस्ती. खरा. अठ्ठेचाळीस शिवणकाम. खरा. मध्ये एकच दार आणि यादीत सत्तेचाळीसला पेंटर. मग तो पेंटर मी कुठे शोधायला जाऊ?" ती हसली. "गाळा पक्का. आणि काका, गाळा मिळेपर्यंत आता कशालाही ब्रश लावू नका."

पेंटर मटकन पायरीवर बसला आणि सगळ्यांदेखत रडू लागला. बायकोने पाठीवर हात ठेवला, पण तिचेही डोळे वाहत होते.

मावशी बराच वेळ आपल्या शटरकडे बघत होती.

"काय रे, म्हणजे आमची दारं तू घासलीच नव्हतीस?"

पेंटरने नाक पुसलं. "फुकटचं काम होतं, मावशी. वरवर फिरवला हात."

"मेल्या!" मावशीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग त्याचं डोकं पोटाशी धरून तीही रडायला लागली. "देव भलं करो तुझ्या आळसाचं."