खारवलेल्या फळ्या

प्रितमने पेचकस हॉलसमोरच्या फळीवर टेकवून नुसता दाबला, तर तो थेट मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला काळपट, ओला भुगा चिकटून आला.

तीनच पावसाळे. पाच वर्षं काही होत नाही शेठ, असं हाच प्रितम याच जागी छाती ठोकून म्हणाला होता. उलव्यातल्या या बंगल्याच्या मागच्या अंगाला त्याने आयुष्यातला पहिला लाकडी डेक घातला होता. त्याचेच फोटो दाखवून त्याने कामोठ्यापर्यंत कामं मिळवली. आता हाच डेक सडला म्हटल्यावर उद्या दारात कोण उभं करणार?

"बघितलंस?" बंगल्याचे मालक दीपेशशेठ मागून म्हणाले. "तरी आईला कंठशोष करून सांगत होतो."

"का? आजींनी काय केलं?"

"मीठ टाकते! जाडं मीठ पाण्यात कालवून बादल्याच्या बादल्या ओतते डेकवर. पावसाने जरा उघडीप दिली की हिचा कार्यक्रम चालू. म्हणे लाकडाला बरं असतं. मिठागरावर जन्म गेला ना, तेवढंच ठाऊक. ते तिकडचे स्क्रू बघ, कसे गंजलेत."

तिकडच्या टोकाला स्क्रूंच्या डोक्यांभोवती तांबडे डाग पसरलेले होते. प्रितमच्या जिवात जीव आला. खोटं कशाला बोला, त्याला आनंदच झाला.

"शेठ, मीठ ओतल्यावर कुठलं लाकूड टिकणार?" तो म्हणाला. "मी चांगले तीन-तीन हात तेल मारलेलं. यात माझा काही दोष नाही हां."

डेकच्या त्या टोकाला, आपल्या खोलीच्या दारात, शेठची आई मालू बसली होती. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण कान तिखट.

"ऐकलंस आई? आता कारागीरच सांगतोय." शेठचा आवाज चढला. "मी हे सगळं उखडून फरशी घालतो. आणि तू आता ओव्याला धनेशकडेच राहा. धाकट्याला पण कळू दे आईचे उद्योग. संध्याकाळी सोडतो तुला."

मालू शेठकडे नाही, प्रितमकडे बघत होती.

"तिथं नाय टाकलं मी," ती म्हणाली. "हॉलम्होरं टाकायचं नाय, भाविका म्हनली. पोरांच्या पायांना झोंबतं म्हून. मी हिकडंच टाकते, माज्या खोलीम्होरं."

"सुनेवर ढकलू नको आता!" शेठ म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत आत गेले. मालू हळूच उठली. खाटेखालची पिशवी ओढून तिने लुगड्यांच्या घड्या त्यात रचायला घेतल्या.

प्रितमला ते बघवेना. तो कामाला लागला. उखडायचंच आहे तर इकडून सुरुवात करू, म्हणून त्याने मालूच्या दारासमोरच्या फळीवर पेचकस टेकवला आणि दाबला. जाईना. दोन्ही हातांनी जोर लावला. फळीवर टिंबाएवढा ओरखडा उठला, बस्स. त्याने हातोड्याची मूठ आपटली. टणटणीत आवाज आला. हॉलसमोर आपटली, तर ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखी भद्द वाजली.

गंजलेले स्क्रू तोडून त्याने एक फळी उचकटली आणि उलटी केली. खालची बाजू पिवळीधमक. वखारीतून काल आणावी तशी. रंध्रारंध्रांत मिठाचे बारीक कण चमकत होते. त्याने बोट फिरवून जिभेला लावलं. लाकूड एकच, वखार एकच, तेल त्याच्याच हातचं आणि पाऊसही तोच. अरे देवा, तो स्वतःशीच म्हणाला. वीस वर्षं रंधा मारला, पण असं काही त्याने बघितलं नव्हतं. ती फळी त्याला खाली ठेववेना.

"खिला लोखंडाचा मारलास ना तू?" मालू दारात येऊन उभी होती. "मिठाम्होरं लोखंड टिकतं व्हय? आमी मिठागरात लाकडाच्या खुंट्या मारायचो. खाडीचं पानी आत घ्यायचं दार असायचं, उघाडी. तिची फली मी लगीन होऊन आले तवाची. मिठागर बुजवलं तवा मशीनवाल्याला फोडता येईना. गोड्या पान्यानं लाकूड कुजतं पोरा, खाऱ्या पान्यात ता निवांत असतं."

"आजी, मग मघाशी हे सांगायचं ना!"

"तू सांगितलंस की, मिठानं सडलं."

प्रितमची मान खाली गेली. गप्प बसणं सोपं होतं. शेठला पटलेलं होतं, पिशवी भरत आली होती आणि त्याचं नाव शाबूत होतं. तो त्या पिवळ्या फळीकडे बघत राहिला. मग ओरडला, "शेठ! जरा बाहेर या!"

शेठ आले.

"चुकलो मी. माझं तेल फुकट गेलं, स्क्रू पण मी चुकीचे मारले. डेक जेवढा वाचलाय तेवढा आजींच्या मिठाने वाचलाय. विश्वास नसेल तर हे घ्या."

शेठनी पेचकस घेतला. आधी हॉलसमोर दाबला, मग आईच्या दारासमोर. तिथे सगळं अंग टाकून दाबला. कपाळावरची शीर फुगली, पण टोक हलेना. ते गुडघ्यावर तसेच राहिले. मग त्यांनी तळहात फळीवर ठेवला आणि हळूहळू फिरवला, पुन्हा फिरवला.

"आयला," ते पुटपुटले.

मालू आत गेली आणि बादली घेऊन आली. तळाशी जाडं मीठ होतं. तिने ती लेकासमोर ठेवली.

"हात घाल. पानी किती, मीठ किती, नीट बघून ठेव," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी ओव्याला गेल्यावर तुलाच टाकायला लागंल."

शेठनी बादलीत हात घातला. मान वर करायचं मात्र त्यांच्याने होईना.