तिसरी कॉफी आणि सारायेव्होची गाडी

मी एक जुनी जेझ्वा आहे, म्हणजे कॉफी उकळायचं लांब दांड्याचं तांब्याचं भांडं. मित्रांनो, माझा जन्म सारायेव्होच्या तांबटआळीतला. हातोडीचे ठोके खाऊन मला आकार आला, आतून कल्हई झाली आणि चाप्लीना गावच्या झुमरेताबाईंनी मला विकत घेतलं.

कल्हई उडाली की तांब्यातली कॉफी बाधते. म्हणून दरवर्षी द्राक्षांची तोडणी आटोपली की बाई मला फडक्यात गुंडाळून सारायेव्होला न्यायच्या. बस लवकर पोचायची, पण बाईंना नेरेत्वा नदीच्या काठानं रमतगमत जाणारी आगगाडीच हवी असे.

शेजारीण चिडवायची, "तुझी गाडी पोचेपर्यंत तांबट म्हातारा होईल गं."

"होऊ दे की. मला कुठं त्याच्याशी लग्न लावायचंय?" बाई म्हणायच्या.

सारायेव्होत त्यांचा मुलगा सेनाद राहतो. त्याची बायको इनेस स्वीडनमध्ये वाढलेली. लग्नानंतर बाई पहिल्यांदा त्यांच्याकडे उतरल्या, तेव्हा सेनाद कामावर होता. इनेसनं माझ्यातच कॉफी केली. पहिली आल्या आल्या, दुसरी गप्पांना. दुसरी संपते न संपते तोच तिनं हौसेनं तिसरी पुढे ठेवली.

आमच्याकडे तिसरी कॉफी म्हणजे पाहुण्याला 'आता उठा' असं सांगणं. तोंडानं कुणी सांगत नाही. बाईंनी ती मुकाट्यानं घेतली, मला पिशवीत घातलं आणि "माझी गाडी चुकेल" म्हणून थेट स्टेशन गाठलं.

पुढची तीन वर्षं त्या सारायेव्होला गेल्या नाहीत. फोनवर गुडघ्याचं निमित्त सांगायच्या. सेनाद बैरामला, म्हणजे ईदला, एकटाच येऊन जायचा. माझी कल्हई गेली, आत हिरवट डाग पडले आणि मी खिळ्याला लटकले. बाई पत्र्याच्या भांड्यात कॉफी करायच्या आणि अर्धी ओतून द्यायच्या. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटायचं.

मग एका शनिवारी सकाळी इनेस एकटीच दारात उभी राहिली.

"आई, भांड्याची कल्हई गेलीय म्हणे. द्या, मी करून आणते."

"माझी जेझ्वा एकटी कुठं जात नाही," बाई म्हणाल्या. "मीही येते. तांबटाकडूनच माघारी फिरेन."

गाडीत दोघी समोरासमोर बसल्या, मी बाईंच्या मांडीवर. मोस्तार गेलं, कोन्यित्स गेलं, दोघी खिडकीबाहेरच बघत होत्या. बस असती तर एव्हाना शहर आलं असतं. चढावरच्या एका लहान स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा इनेसनं विचारलं, "आई, माझं काय चुकलं?"

"तू मला हाकललंस."

"मी? कधी?"

"तिसरी कॉफी दिलीस ना. दुसरीचा कप अजून गरम होता."

इनेसला काही उमगेना. बाईंना सगळं फोड करून सांगावं लागलं. ते ऐकून तिचा चेहरा पडला.

"तुम्ही आणखी बसावं म्हणून दिली होती हो. तुम्ही निघालात, मला वाटलं माझी कॉफी वाईट झाली. तीन वर्षं रोज करून बघतेय. सेनाद म्हणतो जमली. पण तो काय, काहीही पितो."

बाई आधी हसल्या. मग माझ्याच फडक्यानं त्यांनी डोळे पुसले.

"विचारलं असतं तर काय बिघडलं असतं माझं," त्या म्हणाल्या. "चल पोरी, आधी भांडं, मग तुझी कॉफी."

त्या दिवशी मला कल्हई झाली आणि बाई आठ दिवस राहिल्या. कॉफ्या किती झाल्या, ते कुणी मोजलं नाही.

मित्रांनो, तांब्याची भांडी वेळच्या वेळी कल्हई करून घ्या. आणि कुणाच्या घरी मन दुखावलं, तर निघण्याआधी तिथंच विचारा. मला तांबटानं तासाभरात नवं केलं. बाई आता सत्तरीच्या आहेत, आणि त्यांची ती तीन वर्षं कुठलाच तांबट परत देणार नाही.