चोथा

पिवळा रंग आला नाही.

काळपट भाजलेला दाणा मिठाच्या पाण्याला आपलं प्रथिन सहजासहजी देत नाही.

मागच्या वर्षी चिमणी, वय नऊ, एका शेंगदाण्याने घसा सुजून दवाखान्यात.

दोन पुडे, एकाच दुकानातले.

चिमणीच्या आईने, म्हणजे ताईने, बिस्किटांचे हे पुडे आणले. वेष्टनावर ‘शेंगदाणाविरहित’. एक कपाटात ठेवला, दुसरा धाकट्या बहिणीच्या प्रयोगशाळेत दिला. “तू हो म्हणालीस तरच खाऊ देईन.”

धाकटीने बिस्किट कुटलं, मिठाच्या पाण्यात ढवळलं, नळी यंत्रात गरगर फिरवली. चोथा खाली बसला. वरचं नितळ पाणी तिने चाचणीच्या ताटलीतल्या छोट्या खळग्यांत सोडलं. दाण्याचं प्रथिन असेल तर खळगा पिवळा होतो. झाला नाही.

अकरा वाजता तिने फोन केला. “ताई, काही नाही त्यात. खाऊ दे.”

“नक्की?”

“नक्की गं.”

साडेअकराला मास्तर चोथ्याची नळी घेऊन आले. तंत्रज्ञ, सगळ्यांच्या चुका काढतात म्हणून मास्तर.

“बाई, चोथा बघितलात? केवढा काळा!”

“चोथा कोण बघतं, मास्तर? चाचणी पाण्याची असते.”

“चहाचा फेका खुशाल. करपलेला दाणा असला तर प्रथिन ह्यातच दडी मारून बसतं.”

तिने चोथा साबणासारख्या द्रावणात उकळला. त्यातली प्रथिनं जेलमध्ये विजेवर पळवली, कागदावर उतरवली, वर दाण्याचं प्रथिन ओळखणारं प्रतिपिंड सोडलं. चार वाजता तुलनेसाठी ठेवलेल्या भाजलेल्या दाण्याच्या रांगेत एक रेघ उमटली. शेजारी, चोथ्याच्या रांगेत, त्याच उंचीवर दुसरी. बिस्किटात दाणा होता.

तिने फोन लावला. “ताई, पुडा कुठाय?”

“चिमणी मैत्रिणीकडे घेऊन गेली. तूच म्हणालीस ना—”

“त्या मैत्रिणीच्या आईचा नंबर दे. आधी नंबर!”

पाच रिंगा झाल्या. मग चिमणीच बोलली. “मावशी? आम्ही पत्ते खेळतोय. जिंकेल तो पुडा फोडणार.”

“फोडला नाहीस ना?”

“अजून नाही. पण मीच जिंकतेय!”

“पुडा काकूंच्या हातात दे. आत्ता. दिलास?”

“दिला. काय गं मावशी, सगळा डाव घालवलास.”

धाकटी स्टूल ओढून बसली. मग ताईला पुन्हा फोन लावला.

ताई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “पुन्हा मला नक्की म्हणू नकोस.”

“नाही म्हणणार.”

सव्वाअकराला चोथ्याची ती नळी तिने कचऱ्याच्या डब्यात टाकली होती; मास्तरांनी ती तिथूनच उचलून आणली होती.