मास्कच्या आडून

श्वासावर लक्ष ठेवायची ड्युटी तुमची होती, साहेब. ती तुम्ही एका बहिऱ्याच्या गळ्यात मारलीत आणि शिरा खायला गेलात.

चिंधू अंबाडीकडचा. उभी हयात भिवंडीत लूमवर गेली आणि खटखटाटानं कान गेले. कारखान्यात सगळेच एकमेकांचे ओठ बघून बोलतात, तसाच तो बाहेरही बोलायचा. त्याच्या बायकोची, ठमाबाईची, दवाखान्यात गर्भाची पिशवी काढली. नंतर दुखू नये म्हणून भूलवाल्या डॉक्टरनं तिच्या पाठीच्या कण्यात मॉर्फिन सोडलं. औषध गुणाचंच, पण त्यानं श्वास मंदावू शकतो, दिवसभर कुणीतरी जवळ लागतं. डॉक्टरनं हे चिंधूला दारातच सांगितलं, मास्क न काढता. चिंधूला नुसते डोळे दिसले. डोळे भल्या माणसाचे वाटले, म्हणून त्यानं मान हलवली.

वॉर्डात मोरी तुंबलेली, भिंतीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या, खाटेखाली रक्ताळलेला कापूस आणि त्यावर माशा. सिस्टर एकही नाही. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या नव्या केबिनीत पूजा होती, सगळ्या तिकडं शिऱ्याचा प्रसाद वाटायला. ठमाबाई गाढ झोपलेली बघून चिंधू खूश. शेजारच्या खाटेवरच्या गुणाबाईला म्हणाला, "जल्मात पयल्यांदा दुपारची झोपलीय. घोरते का गं?"

गुणाबाईनं कान दिला. मग ओठ ठळक हलवत म्हणाली, "मगाशी घोरत व्हती. आता न्हाय."

चिंधू वळला. सवयीनं त्याची नजर बायकोच्या ओठांवर गेली. ओठ निळे पडले होते.

तो पूजेत घुसला आणि प्रसादाच्या ताटासकट सिस्टरला ओढत घेऊन आला. मागोमाग डॉक्टर धावला. मॉर्फिनवर उतारा म्हणून सुई टोचली, तसा श्वास परतला. पण दाबलेली सगळी कळही परतली. ठमाबाईची किंकाळी बहिऱ्या चिंधूलाही ऐकू गेली.

मग मोठे साहेब आले. घाण वास येतो म्हणून मास्क लावून आले. तुपकट बोट चिंधूच्या तोंडापुढं नाचवत राहिले. चिंधूनं गुणाबाईकडं पाहिलं. तिनं ओठांनी सांगितलं: सायेब म्हनतो, तुला बजावलं व्हतं, तूच बेपर्वा.

चिंधू शांतपणे साहेबांच्या पुढ्यात उभा राहिला.

"मास्क खाली घ्या, सायेब. मना तुमचं वठ बघू द्या. आन् आता सांगा, माझी बायको निळी पडत व्हती तवा तिच्याजवळ तुमचं कोन व्हतं?"