कोऱ्या पानांची टाचणवही

मी चारुशीला मॅडमची टाचणवही बोलतेय. तास कसा घ्यायचा, ते शिक्षक आधी ज्यात लिहून ठेवतात, ती मी. जूनमध्ये मॅडमनी मला कडेगावच्या बाजारातून आणलं, खाकी कव्हर घातलं आणि वर लिहिलं, 'बारावी, मराठी.'

आमचं नशीब ठरलेलं असतं. गेल्या वर्षीच्या वहीतलं यंदाच्या वहीत उतरवायचं, शनिवारी प्राचार्यांची सही घ्यायची, पुढच्या वर्षी नव्या वहीत उतरून झालं की रद्दीत जायचं. सही सगळे बघतात हो, आत कुणी वाचत नाही.

पण कादंबरी शिकवायची वेळ आली, तेव्हा मॅडमनी जुनी वही मिटूनच टाकली. माझ्यावर एकच ओळ लिहिली, 'मुलं घरी कुणालातरी वाचून दाखवतील आणि त्या माणसाचा एक प्रश्न आणतील.' पुढची आठ पानं कोरी!

वर्गात जयराज उठला. हा रोज सकाळी सैन्यभरतीसाठी पळायला जाणारा.

"मॅडम, गाईडातली उत्तरं सांगा की, आमी लिवून घेतो. कादंबरी वाचून मैदानात पळाया येतंय व्हय?"

"आईला वाचून दाखव. बघू ती काय म्हणते," मॅडम हसल्या.

आठवडा गेला, एकही प्रश्न आला नाही. कुणी लाजत होतं, कुणाच्या उसाला तोड आली होती. गुरुवारी प्राचार्य लालासाहेब सरांनी मला चाळलं.

"मॅडम, हे काय? पोरांना बोर्डाची परीक्षा हाय. शनिवारपर्यंत पानं भरा, न्हाईतर सरळ गाईडातली उत्तरं लिवून द्या."

मॅडमनी जुनी वही काढली, पेन माझ्यावर धरलं. उतरवायचं म्हटलं तर अर्ध्या तासाचं काम. पण शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं.

शुक्रवारी शिवांजली हळूच उभी राहिली. कादंबरीतली रखमा लेकराला सासूजवळ ठेवून नर्सिंग शिकायला जाते आणि गाव तिला नावं ठेवतं, तिथवर तिनं आईला वाचून दाखवलं होतं.

"आई म्हणली, ती गेली म्हणून समदी बोलत्यात. पण जाताना तिच्या पिशवीत लाडू कुणी बांधून दिलं, हे कुणीच का इचारत न्हाई?"

मागून जयराज ओरडला, "सासूनं! घरात दुसरं हुतं कोण?"

"मग रखमा निघताना सासू दारात भांडली कशाला?" शिवांजलीनं विचारलं.

"लोकांना दाखवाय!"

"पान काढ, पान दाखव!"

फडाफडा पानं उलटली. जयराज खाली बघत म्हणाला, "माझी आय तर रडली. मी वाचायचा थांबलो, तर म्हणली, 'वाच की रं, करपू दे भाकरी.'"

मॅडमनी मला पोरांच्या हातात दिलं. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर इतक्या जणांची अक्षरं उमटली, गिचमिड, तिरकी, खाडाखोडीची. सहा पानं भरली.

शनिवारी लालासाहेब सर माझ्यातलं वाचत बसले. समोरचा चहा गार झाला. मग त्यांनी सही केली आणि म्हणाले, "कादंबरीची एक प्रत घरी न्यायला द्या. आमच्या मातोश्रींना ऐकवतो. आणि वहीतलं तेवढं एक पान त्यांच्या प्रश्नासाठी राहू द्या."

माझी दोन पानं अजून कोरी आहेत. त्यातलं एक त्या म्हातारीचं. नंतर मला खुशाल रद्दीत घाला, माझं काही म्हणणं नाही. पण पुढच्या वर्षी नवी वही आणाल, तेव्हा माझ्यातलं तिच्यात उतरवू नका. तिचीही आठ पानं कोरी सोडा.